अशीरगडावरचे कैदी, बऱ्हाणपूरचे सुलतान

बऱ्हाणपूर ही एके काळी खानदेशाची राजधानी होती, याचा आपल्याला पार विसर पडलाय. शहर मध्य प्रदेशात गेलं आणि आमच्या रावेर पट्ट्याला ते बाजाराचं गाव म्हणून तेवढं उरलं. यंदा मात्र आबांना घेऊन मुद्दाम फारुकी सुलतानांच्या वाटेने गेलो. आधी अशीरगड, मग महाल.

गड शहरापासून वीसेक किलोमीटरवर, खंडव्याच्या रस्त्याला आहे. सातपुड्यातली ही वाट ज्याच्या ताब्यात, त्याच्या हाती दख्खनचा दरवाजा. वर पोचल्यावर आधी नजर जाते ती तलावांवर. आबा शेतकरी माणूस, काठावर टेकले नि म्हणाले, "एवढ्या उंचीवर एवढं पाणी! मग खाली कितीबी दिवस बसा म्हणा वेढा घालून." झालंही तसंच. १६०० मध्ये अकबर स्वतः बऱ्हाणपुरात येऊन राहिला, तरी गड हाती यायला जानेवारी १६०१ उजाडला. आत रोगराई पसरलेली, आणि बोलणी करायला खाली उतरलेला फारुकी सुलतान बहादूरशहा पुन्हा वर गेलाच नाही.

या बहादूरची कहाणी मला फार लागली. फारुकी घराण्यात रीतच होती: एक जण गादीवर बसला की बाकीच्या भाऊबंदांना अशीरगडावर नजरकैदेत ठेवायचं. गादी रिकामी झाली की त्यांच्यातलाच एक खाली यायचा. बहादूरही असाच कोंडलेला. वडील राजे अलीखान १५९७ मध्ये मोगलांच्या बाजूने लढताना पडले, आणि हा कैदी सुलतान झाला. पुढे चारच वर्षांत पुन्हा कैदेत, तीही दूर ग्वाल्हेरला.

त्याच्या पूर्वजांचा शाही किल्ला तापीच्या अगदी काठावर आहे. बराचसा ढासळलाय, पण हमामात जाऊन मान वर केली की छतावरची रंगीत वेलबुट्टी अजून दिसते. इथे सगळे मुमताजबद्दल बोलतात. ती जून १६३१ मध्ये याच शहरात बाळंतपणात गेली, नदीपलीकडे जैनाबादला तिला आधी दफन केलं. ऐकून कोणाचंही मन हलेल. पण तोवर फारुकींची दोनशेहून अधिक वर्षं इथे होऊन गेली होती, त्यांचं नाव कोणी काढत नाही, याचं वाईट वाटतं.

म्हणून गावातली जामा मशीद चुकवू नका. राजे अलीखानानेच बांधली ती. आत अरबीसोबत चक्क संस्कृत शिलालेख आहे, त्यावर शके १५११ कोरलंय. देवनागरीतले ते शक-संवत आबांनी बोटाने हवेत गिरवत वाचून काढले.

घराण्याची सुरुवात मात्र आपल्याच धुळे जिल्ह्यात. १३७० मध्ये फिरोजशहा तुघलकाने मलिक राजाला थाळनेर दिलं. शिरपूर तालुक्यात, तापीकाठीच, त्यांच्या पहिल्या पिढ्यांच्या कबरी आहेत. पुढची फेरी तिकडे.