बेल्ट शेवटपर्यंत ओढला तेव्हा

गाडी रेसिंगला करायची म्हणून येणारी पोरं आधी इंजिनाचं विचारतात. हाही तसाच. २००४ ची पांढरी मारुती एस्टीम, वरून इतकी चकाचक की उद्यमनगरातल्या आमच्या काळ्याकुट्ट शेडमध्ये ती पाहुणी वाटत होती. "मामा, आधी इंजिन उघडूया की ओ. ताकद वाढवायला कॅम, पोर्टिंग, सगळं करायचंय." मी म्हटलं, बाळा, हे तेराशे सीसीचं इंजिन कंपनीतूनच ८५ बीएचपी देतंय आणि गाडी जेमतेम पावणेनऊशे किलोची. ऑटोक्रॉसच्या, म्हणजे मातीवरच्या वळणावळणाच्या शर्यतीत तेवढं तुला पेलतंय का बघ आधी. आज फक्त गाडी रिकामी करायची.

जानेवारीत सकाळी सातला बोलावलं होतं, त्याला कारण आहे. आवाज दाबायला फ्लोअरवर डांबरी शीट चिकटवलेली असते. गारठ्यात ती छिन्नीखाली चिक्कीसारखी तडकते, उन्हं चढली की तिची काकवी होते. बाहेरच्या देशांत त्यावर ड्राय आइस पसरतात. आम्हाला कोल्हापूरची थंडी पुरते.

सीटा निघाल्या, टेपचे स्पीकर निघाले. एकेक नग शेजारच्या भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवून पोरगा मोबाइलमध्ये वजन लिहीत होता. मग सीट बेल्ट. रेसला सहा पट्ट्यांचा हार्नेस लागतो, त्यामुळं मूळचे काढायचेच. रीळ खोलण्याआधी मी सवयीनं बेल्ट शेवटपर्यंत ओढला. रोज बाहेर येतो तेवढा भाग स्वच्छ. शेवटचा हातभर मात्र चहावाल्याच्या फडक्याच्या रंगाचा. नाकाजवळ नेला आणि मी तिथंच बसलो.

तो वास कोल्हापुरात कुणाला सांगावा लागत नाही. २०१९ च्या ऑगस्टात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४३. शिरोलीजवळ हायवे पाण्यात, पुण्या-मुंबईहून काही येईना. पाणी ओसरल्यावर घरातला गाळ मी पत्र्याच्या तुकड्यानं खरवडला होता. तोच हा वास.

"पुरातली न्हाई ओ मामा. सिंगल हँड आहे, एकाच मालकाची. विकणाऱ्यानं सांगितलंय." पोरगा हसत होता. मी दोन दारांमधल्या खांबाचं, पिलरचं, प्लॅस्टिक उपटलं. आत खिडकीच्या खालच्या कडेच्या उंचीवर सरळ तपकिरी रेघ. वायरिंगचं एक कनेक्टर सोडवलं, तर पिना हिरव्या. तो हसायचा थांबला.

गालिचा नवा कोरा होता. त्याखालची शीट छिन्नी लावायच्या आतच हातात आली. एवढ्या सहज निघते तेव्हा समजायचं की खालच्या गंजानंच तिला उचललंय. ड्रायव्हरच्या सीटमागं स्क्रू-ड्रायव्हर नुसता टेकवून दाबला, तो आरपार गेला. वाकून बघितलं तर खाली शेडची जमीन. दाराखालच्या पट्टीला, रनिंग बोर्डला, लोहचुंबक लावलं, चिकटेना. पत्रा नव्हताच तिथं, बोटभर जाड पुट्टी भरून वरून रंग मारलेला.

आणि नेमका तिथंच रोल केजचा, म्हणजे गाडी उलटली तर माणसाला वाचवणाऱ्या पाइपांच्या पिंजऱ्याचा, मुख्य पाय येतो. एफआयए या जागतिक मोटारस्पोर्ट संघटनेच्या नियमात मुख्य कमानीला ४५ मिलिमीटर व्यासाचा, अडीच मिलिमीटर जाडीचा विनाजोड पाइप सांगितलाय, आणि तिच्या प्रत्येक पायाखाली ३ मिलिमीटर जाडीची किमान १२० चौरस सेंटिमीटरची पट्टी. गाडी उलटली तर भार पसरावा म्हणून ही पट्टी. पण खालचा पत्राच सडका असेल तर केज शाबूत राहील आणि फ्लोअरमधून घुसेल, ताज्या भाकरीत बोट घुसावं तसा. वर बसलेल्या पोराचं काय?

"वरून एक प्लेट मारून टाकूया की," तो हळूच म्हणाला. कुठं मारू? वेल्डिंगला धरायला पत्रा तरी हवा. मी त्याच्या वडिलांना फोन लावला. त्यांनी आधी विकणाऱ्याला शिव्या दिल्या, मग मुलाला, शेवटी मला. सगळ्या ऐकून घेतल्या. खरं तर माझंही चुकलंच. गाडी घेताना दाखवायला आणली होती, तेव्हा मी इंजिनाचा आवाज ऐकून मान डोलावली होती. बेल्ट ओढायला किती वेळ लागला असता?

इंजिनासाठी साठवलेले पैसे फ्लोअरला गेले. चांगला पत्रा लागेपर्यंत कापत गेलो, नवा पत्रा सीओटू वेल्डिंगनं जोडला, दोन्ही रनिंग बोर्ड नवे घातले, वायरिंग निम्मं बदललं. तीन आठवडे. केज त्यानंतर. कॅमचं नाव पुन्हा निघालं नाही. काट्यावरून जवळजवळ ९० किलो उतरलेले, त्यातले तिसरा हिस्सा केजनं परत घेतले.

पहिल्या ऑटोक्रॉसला तो रांगेत उभा होता, हेल्मेट घालून, घामाघूम. काच धूसर झाली म्हणून त्यानं ब्लोअर चालू केला. डॅशबोर्डच्या जाळीतून भसकन पिवळट धूळ उडाली ती थेट तोंडावर. खिडकीतून डोकं काढून ओरडला, "मामा, पंचगंगा अजून आत हाय!" तेवढ्यात झेंडा पडला.