मांडी माझी, गाणं मायचं

गाणं म्हणायची पाळी माझ्यावर पहिल्यांदा आली ती दहावीच्या निरोप समारंभात. तेव्हा मी पाणी प्यायला म्हणून बाहेर पडलो तो थेट घरी गेलो. दुसऱ्यांदा आली ती फिनलंडमधल्या एस्पोला, वयाच्या 34व्या वर्षी. या वेळी पळायला जागा नव्हती, कारण मांडीवर सात महिन्यांची लेक होती आणि आजूबाजूला गोल करून बसलेल्या नऊ बाया माझ्याकडे कौतुकाने बघत होत्या.

या प्रकाराला इथे 'मुस्कारी' म्हणतात. म्हणजे तान्ह्या पोरांची गाण्या-खेळाची शाळा. चर्च चालवतात, संगीत शाळाही चालवतात. शाळा म्हटलं तरी पोरांना काही शिकवत नाहीत, शिकायचं असतं ते मांडी असलेल्यांनी.

मी तिथे कसा, ते आधी सांगतो. कारण फोनवर आमच्या खानदेशातल्या चोपड्याच्या काकांनी पहिला प्रश्न हाच विचारला होता, "नोकरी गयी का रे भो तुनी?" नोकरी आहे. फिनलंडमध्ये ऑगस्ट 2022 पासून आई आणि बाप दोघांना सारखीच, 160-160 दिवसांची भत्त्यासह रजा मिळते. त्यातले 63 दिवस एकमेकांना देता येतात, बाकीचे ज्याचे त्यानेच घ्यायचे, नाहीतर बुडाले. बुडवायचं आपल्या रक्तात नाही. बायको कामावर गेली आणि मी घरी राहिलो.

तर मुस्कारी. शिकवणाऱ्या बाईंच्या मांडीवर कांतेले, म्हणजे इथलं तारांचं वाद्य. एक गाणं सलग तीनदा म्हणायचं, आपल्याला कंटाळवाणं वाटेल इतकं सावकाश. बराचसा भाग मांडीवरच्या घोड्याचा. पोराला गुडघ्यावर बसवायचं, चालीवर नाचवायचं आणि शेवटी दोन्ही पाय पसरून हळूच 'पाडायचं'. बाई पाडण्याआधी थांबायच्या. नुसतं थांबायचं नाही, डोळे मोठे करायचे आणि श्वास आत घेऊन तसंच राहायचं. खोलीतली सगळी पोरं तेवढा वेळ गप्प. मग धप्प! आणि एकच हशा.

पहिल्या दिवशी मी घाई केली. बाई थांबल्या तेव्हा माझी लेक आधीच खाली आली होती. ती हसली नाही. इकडेतिकडे बघत राहिली, कुणाचं तरी काहीतरी चुकलं असं तिला वाटलं असावं.

घरी येताना बसमध्ये डोक्यात तेच होतं. (बाबागाडी बरोबर असली की इथे बसचं तिकीट लागत नाही. मायला हे सांगितल्यावर तिने देशाला आशीर्वाद दिला.) हे थांबणं मी कुठेतरी पाहिलं होतं. मग आठवलं. माझी माय ओट्यावर बसून गल्लीतल्या कुठल्याही पोराचा तळहात उघडायची, त्यात बोट टेकवून मोराला दाणा घालायची, मग दोन बोटं मनगटावरून दंडावर चढत जायची. काखेशी आली की थांबायची. पोरगं आधीच अंग चोरून बसलेलं, आणि माय पलीकडच्या बाईशी भाजीच्या भावाचं बोलतेय! गुदगुल्या व्हायच्या त्या नंतर. खरी मजा त्या थांबण्यात असायची. माय मुस्कारीला गेली नव्हती. तिसरीनंतर ती कुठल्याच शाळेत गेली नव्हती.

त्या रात्री ठरवलं, मायलाच गायला लावायचं. आपल्याकडे गाणं बायांचंच. कानबाईचं, गुलाबाईचं, अखजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, झोक्यावरचं. पुरुषाने गायचं तर टाळ धरून, भजनी मंडळात, दहा जणांच्या आवाजात आवाज लपवून. हिवाळ्यात इथे दुपारी तीनला अंधारून येतं, तेव्हा गावी साडेसहा झालेले असतात. मायची दिवाबत्ती आटोपलेली असते. फोन लावला, लेकीला समोर बसवलं. मायने टाळ्या वाजवून सुरुवात केली.

काही केल्या जमेना. माय तिकडे थांबायची तेव्हा इकडे अजून गाणं चालू असायचं. लेक हसायची तेव्हा मायच्या पडद्यावर ती गंभीर दिसायची, आणि मायला वाटायचं पोरीला आवडलं नाही, म्हणून ती दुसरंच काहीतरी धरायची. फोनवर बोलताना अर्धा-एक सेकंद मागेपुढे झाला तरी मोठ्या माणसांना चालतं. तान्ह्या पोराशी खेळताना तेवढ्या अर्ध्या सेकंदातच सगळा खेळ असतो. चार दिवसांनी लेक फोनऐवजी फोनच्या कव्हराशी खेळू लागली.

तोडगा मायनेच काढला. म्हणाली, "तू तिले मांडीवर ले. गाणं मी म्हनस." म्हणजे आवाज चोपड्याचा आणि घोडा एस्पोचा. गाणं तिकडून केव्हाही निघो, माझ्या कानावर पडेल त्या चालीवर मी गुडघे हलवायचे. लेकीला ऐकू येतं ते आणि अंगाला लागतं ते एकाच वेळी. थांबायचं कधी, पाडायचं कधी, ते मी तिच्या तोंडाकडे बघून ठरवायचं.

हे जमलं आणि असं जमलं की मी जरा वाचायला बसलो. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात जेसिका फिलिप्स-सिल्व्हर आणि लॉरेल ट्रेनर यांनी 2005 मध्ये एक प्रयोग छापला होता. सात महिन्यांच्या, म्हणजे माझ्या लेकीएवढ्याच बाळांना कुठेच जोर नसलेला एक ठेका ऐकवला. काहींना दर दुसऱ्या ठोक्याला उचललं, काहींना दर तिसऱ्या. मग तोच ठेका दोन्ही प्रकारे जोर देऊन ऐकवला, तर ज्याला जसं नाचवलं होतं तसाच ठेका ते बाळ जास्त वेळ ऐकत राहिलं. दुसऱ्या कुणाला नाचताना नुसतं बघून मात्र हे झालं नाही. मायला मी हे सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, "मंग झोयी कसाले बांधतस?" (आमच्याकडे ळचा य होतो. झोळी म्हणजे झोयी.)

मायला एक काळजी होती, की पोरीला अहिराणी समजेल का. त्यालाही उत्तर सापडलं. मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना मुद्दाम अनोळखी अशी तुर्की गाणी ऐकवली, आणि तुर्कीच बोलणंही. बोलणं ऐकणारी चारेक मिनिटांत किरकिरू लागली, गाणं ऐकणारी नऊ मिनिटांच्या आसपास शांत राहिली. नऊ मिनिटं म्हणजे काय, ते उणे दहात बाहेर पडण्याआधी पोराला लोकरीचे तीन थर आणि वरून फुगीर सूट चढवणाऱ्यालाच कळेल. दुसऱ्या बाहीपर्यंत लेक घर डोक्यावर घ्यायची. आता मी मायचंच एक बनवलेलं म्हणतो, माझ्या बेसूर आवाजात:

केयीनं पान हालनं,
मनी बाईनं पाऊल चालनं.

'हालनं'ला एक हात बाहीत, 'चालनं'ला एक पाय. मध्ये थांबलो की पाय ती स्वतःच पुढे करते. मुस्कारीतल्या बायांना हे म्हणून दाखवलं, तर केळीचं पान किती मोठं असतं ते हात पसरून सांगावं लागलं. पुढच्या आठवड्यात ते फिन्निश गाण्यांच्या मधोमध म्हटलं गेलं. अकरा जणांनी 'ण' आणि 'ळ' नसलेलं गाणं अगदी सहज उचललं. 'झोळी' म्हणायला सांगितलं असतं तर काय झालं असतं कुणास ठाऊक.

अखजीला गावी गेलो. ऊन मी म्हणत होतं, पंखा गरम हवा फेकत होता. घरात माहेरवाशिणी, आमरस, मागच्या निंबाला झोका. लेक दहा महिन्यांची झालेली. आजीच्या प्रत्यक्ष मांडीवर ती पहिल्यांदाच बसणार, म्हणून सगळ्या आत्या गोळा झाल्या. मायने तिला समोर घेतलं, पदर खोचला, टाळी वाजवली, आणि तेच केयीचं पान सुरू केलं.

लेकीने आवाज ओळखला. आजीच्या तोंडाकडे एकदा टक लावून बघितलं. मग मान वळवून मला शोधलं, आजीच्या मांडीवरून उतरली, रांगत माझ्याकडे आली आणि माझ्या गुडघ्यावर दोन्ही हात आपटू लागली.

आत्या हसून लोळल्या. माय गायची थांबली नाही, नुसती मान हलवून मला म्हणाली, "ले, तुनं काम कर."

मी घोडा झालो.