खिशाला लावलेला गॅस डिटेक्टर आत नक्की करतो काय?

केमिकल प्लांटमध्ये किंवा ड्रेनेजच्या कामावर लोकांच्या खिशाला तो छोटा डिटेक्टर अडकवलेला असतो ना, त्यात वासबिस घेणारं काही नसतं, आत सरळ केमिस्ट्री चालू असते. कार्बन मोनॉक्साइडचा सेन्सर घ्या. वर बारीक भोक, मागे पडदा, मग प्लॅटिनमसारखा इलेक्ट्रोड आणि सल्फ्युरिक ॲसिड. तिथे सीओचा सीओटू होतो, रेणूमागे दोन इलेक्ट्रॉन सुटतात, ते बाहेरच्या सर्किटमधून दुसऱ्या इलेक्ट्रोडला जातात आणि तिथे ऑक्सिजन ते घेऊन पाणी बनवतो. झाला करंट तयार, तोही नॅनो-मायक्रोॲम्पिअर इतका बारीक!

खरी गंमत त्या भोकात आहे. ते मुद्दाम इतकं बारीक ठेवतात की जेवढा गॅस आत झिरपेल तेवढा इलेक्ट्रोड लगेच संपवतो, म्हणून करंट पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत गॅसचे किती भाग) प्रमाणात वाढतो. तिसरा इलेक्ट्रोड रेफरन्सचा, त्याचं काम फक्त व्होल्टेज जागेवर ठेवणं.

पण हा गडी जरा भोळा. सॅनिटायझर लावलेल्या हाताने धरला तरी रीडिंग चढतं, आणि बॅटरी चार्जिंग रूममध्ये हायड्रोजनलाच सीओ समजून बोंबलत बसतो. ते परवडलं एकवेळ, पण मेलेला सेन्सरही शून्यच दाखवतो आणि स्वच्छ हवेतही शून्यच येतं, मग फरक कळणार कसा? म्हणून वापरण्याआधी थोडा टेस्ट गॅस सोडून बंप टेस्ट करायची, कंटाळा आला तरी. हायड्रोजन सल्फाइड (सडक्या अंड्यासारखा वास येणारा विषारी गॅस) असेल तर नाकाचाही भरवसा नाही, १०० पीपीएमच्या आसपास वास येणंच बंद होतं.