आमची वाटचाल: पुढच्या काउंटरपासून मागच्या टेबलापर्यंत

आमचं शस्त्रांचं दुकान लहान आहे. पुढे एक काउंटर, मागे एक लांब टेबल. सुरुवातीला सगळा धंदा काउंटरवर चालायचा आणि टेबलावर अधूनमधून एखादं रिव्हॉल्व्हर साफसफाईला यायचं. आता उलट झालंय. मूठ हाताला बसवणं, ट्रिगरचं वजन (तो ओढायला लागणारा जोर) लावणं, सील बदलणं, पावसाळ्याआधीची सर्व्हिस, अशी जास्त कामं मागच्या टेबलावरच होतात. हा बदल आम्ही ठरवून केला. मुंबईच्या हवेत पिस्तुल घेणं सोपं आणि ते कामाचं ठेवणं अवघड असतं. परवान्याच्या बाबतीत मात्र घेणंच अवघड, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

"कोणतं पिस्तुल चांगलं?" असं कोणी विचारलं की आम्ही आधी विचारतो, "कशासाठी?" स्वसंरक्षणासाठी हवं असेल तर निवडीचं क्षेत्र फार छोटं आहे. मुंबईत परवाना पोलीस आयुक्तालयाकडून मिळतो. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे अर्जासोबत सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं आणि शस्त्र घरात कुठे, कसं ठेवणार याची लेखी हमी द्यावी लागते. परवानाधारकाचा युनिक आयडी राष्ट्रीय नोंदीत असतो. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोन शस्त्रं ठेवता येतात आणि परवाना पाच वर्षांचा झाला आहे. सिनेमात दिसणारं ९ मिमी पिस्तुल प्रतिबंधित बोअरमध्ये (बोअर म्हणजे नळीचं माप) येतं, म्हणजे सामान्य नागरिकासाठी तो विषयच संपतो. राहतं ते मुख्यतः .३२ बोअर.

इथे पहिली गफलत होते. .३२ रिव्हॉल्व्हर आणि .३२ पिस्तुल यांची काडतुसं एक नाहीत. रिव्हॉल्व्हरला .३२ एस अँड डब्ल्यू लाँग लागतं. ते लांब असतं आणि त्याच्या बुडाला बाहेर आलेली ठळक कड असते. पिस्तुलाला .३२ एसीपी लागतं, ते आखूड असतं आणि त्याची कड जेमतेम दिसते. परवान्यावर नुसतं ".३२" लिहिलेलं असतं आणि माणूस मित्राकडे पाहिलेलं काडतूस मागतो. आम्ही शस्त्र समोर ठेवायला सांगतो आणि मगच पेटी उघडतो. रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाच्या बुडावर 'केएफ' दिसलं तर ते खडकीच्या दारूगोळा कारखान्यातलं, आपल्या पुण्याजवळचं. मग पुढची अक्षरं-आकडे वाचून ते किती जुनं आहे हे बघून घ्यायचं.

रिव्हॉल्व्हर निवडताना लोक वजनाकडे बघतात आणि हलकं तेच चांगलं असं धरून चालतात. कानपूरला तयार होणारं 'निर्भीक' टायटॅनियम मिश्रधातूचं, साधारण ५०० ग्रॅम. २०२३ मध्ये आलेलं 'प्रबळ' सुमारे ७०० ग्रॅमचं, ७६ मिमी नळीचं, आणि त्याचा सिलिंडर (काडतुसांचं फिरतं चक्र) बाजूला उघडतो. पर्समध्ये किंवा कमरेला ५०० ग्रॅम बरं वाटतं. पण काडतूस तेच असेल तर हलक्या शस्त्राचा धक्का जास्त बसतो आणि दुसरी गोळी निशाण्यावर परत यायला वेळ लागतो. ज्याला वर्षातून एखाद-दोनदाच रेंजवर जायला मिळणार, त्याला आम्ही जड शस्त्र सुचवतो.

खरी परीक्षा ट्रिगरची. डबल ॲक्शनमध्ये घोडा मागे खेचण्याचं कामही बोटच करतं. त्यासाठी साधारण ५ किलोच्या आसपास जोर लागतो. आम्ही रिकामं शस्त्र दोन जणांकडून तपासून घेतो, त्यात डमी काडतुसं भरतो आणि समोरच्या कोऱ्या भिंतीवर नेम धरायला सांगतो. सलग सहा वेळा ट्रिगर ओढताना पुढची माशी (नळीच्या टोकावरचा नेमाचा खुंट) जागची हलते का ते बघायचं. तिसऱ्या-चौथ्या वेळेला हात थरथरला, किंवा बोट पुरत नाही म्हणून मूठच फिरली, तर ते शस्त्र त्या माणसासाठी नाही, किंमत काहीही असो. बोटाच्या पहिल्या पेरापर्यंत ट्रिगर पोहोचलाच पाहिजे. ही चाचणी न करता घेतलेली रिव्हॉल्व्हर्स कपाटात पडून राहतात आणि परवान्याच्या नूतनीकरणालाच बाहेर येतात.

काडतूस उडत नाही ही तक्रार मुंबईत कायमची आहे आणि तिचं कारण बहुतेक वेळा तेल असतं. गंज चढू नये म्हणून माणूस सिलिंडरमध्ये मनापासून तेल सोडतो. ते काडतुसाच्या बुडातून आत झिरपतं आणि प्रायमर (बुडातली ठिणगी देणारी टिकली) मरतो. बिजागरीला एक थेंब, घोड्याच्या खाचेत एक थेंब, बाकी सगळीकडे तेलाचं फडकं फिरवून कोरडं पुसायचं, एवढं पुरतं. काडतूस उडालं नाही तर नळी सुरक्षित दिशेला तशीच धरून किमान ३० सेकंद थांबायचं, कारण स्फोट उशिरा होऊ शकतो. आणि आवाज नेहमीपेक्षा दबका आला, धक्का कमी जाणवला, तर तिथेच थांबायचं. गोळी नळीत अडकलेली असू शकते आणि मागून दुसरी सोडली तर नळी फाटते. हे आम्ही प्रत्येक ग्राहकाला तोंडी सांगतो आणि त्याच्याकडून परत म्हणवून घेतो.

होल्स्टर चामड्याचा घ्या, पण शस्त्र त्यात ठेवून झोपू नका. चामडं दमटपणा धरून ठेवतं, आणि कमरेच्या घामातलं मीठ जूनमध्ये चार दिवसांत पोलादावर तपकिरी ठिपके आणतं. होल्स्टरने ट्रिगर गार्ड पूर्ण झाकलाच पाहिजे. घरी भिंतीत किंवा जमिनीत बोल्टने पक्की बसवलेली छोटी तिजोरी हवी, काडतुसं वेगळ्या कप्प्यात, किल्ली एकाकडेच. वन रूम किचनमध्ये जागा नाही हे आम्ही समजू शकतो. पण मुलं असलेल्या घरात यात सूट नाही.

स्वसंरक्षणासाठी येणाऱ्या बऱ्याच जणांना आम्ही थेट सांगतो की तुमच्या गरजेला मजबूत दरवाजा, कॅमेरा आणि शेजाऱ्यांशी संबंध जास्त उपयोगी पडतील. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये स्वसंरक्षणाचा हक्क आहे, पण तो हानी टाळण्याला लागेल तेवढाच आहे आणि पोलिसांकडे धाव घ्यायला वेळ असेल तिथे तो मिळत नाही. लग्नात हवेत गोळी झाडणं हा २०१९ पासून स्पष्ट गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. हे सगळं ऐकून परत गेलेला माणूस आम्ही गमावलेला ग्राहक मानत नाही.

खेळाची बाजू मात्र वर्षागणिक वाढत गेली. २००८ मध्ये अभिनव बिंद्राच्या सुवर्णपदकानंतर पालक एअर रायफल विचारू लागले. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत कोल्हापूरच्या राही सरनोबतने २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण घेतलं आणि मुलींसाठी पिस्तुलाची चौकशी सुरू झाली. वरळीच्या महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर जाणारी, पनवेलकडून येणारी, बालेवाडीला स्पर्धेला निघालेली मुलं आमच्या टेबलापाशी थांबू लागली. ४.५ मिमी बोअरच्या आणि २० जूलपेक्षा कमी ऊर्जेच्या हवाई शस्त्राला खरेदीदाराला परवाना लागत नाही. ओळखपत्र लागतं आणि नोंद होते. स्पर्धेचं एअर पिस्तुल अर्धा ग्रॅमचा छर्रा सेकंदाला साधारण १५० मीटर वेगाने सोडतं, म्हणजे साडेपाच जूलच्या आसपास. तरीही ते डोळा फोडू शकतं, त्यामुळे नियम तेच.

नवशिक्याने पहिले काही महिने क्लबचं पिस्तुल वापरावं. परदेशी पिस्तुल दीड-दोन लाखांच्या पुढे जातं आणि वाढत्या वयाच्या मुलाचा हात वर्षभरात बदलतो. विकत घेताना स्टायर, मोरिनी, पार्डिनी, वॉल्थर यांतलं कुठलं हा वाद आम्ही घालत नाही. सगळी १० मीटरवर नेमबाजापेक्षा अचूक आहेत. बघायच्या त्या तीन गोष्टी: मूठ कुठल्या मापाची, सुटे भाग मुंबईत मिळतात का, आणि हवेच्या सिलिंडरवरची तारीख. स्पर्धेत सिलिंडर बनवल्यापासून दहा वर्षंच चालतो. जुनं पिस्तुल स्वस्तात मिळालं आणि सिलिंडरला दीड वर्ष उरलं असेल, तर नव्या सिलिंडरची किंमत त्यात आधीच मिळवा.

मुठीवर आमचा सर्वांत जास्त वेळ जातो. कारखान्यातून मूठ लहान, मध्यम, मोठी अशी येते आणि कोणालाच तंतोतंत बसत नाही. नेमबाजाने डोळे मिटून हात उचलायचा, एक श्वास घ्यायचा आणि डोळे उघडायचे. माशी मागच्या नेमाच्या खाचेच्या मधोमध दिसली तर मूठ बरोबर. प्रत्येक वेळी एकाच बाजूला दिसली तर मनगट वळवून ती मधे आणायची नाही, कारण चाळिसाव्या शॉटला थकलेलं मनगट आपल्या जागी परत जातं. मूठच फिरवायची. तेवढ्याने भागलं नाही तर तळहातावर खडू लावून मूठ पकडायला सांगतो. खडू जिथे जास्त उमटला तिथे लाकूड कानसायचं, जिथे उमटलाच नाही तिथे दोन भागांचं इपॉक्सी पुटीन भरायचं. ट्रिगरच्या बोटाखाली मुठीला स्पर्श नको, तिथून उजेड दिसला पाहिजे. नाहीतर ट्रिगर दाबताना बोट मुठीला ढकलतं आणि उजव्या हाताच्या नेमबाजाचे छर्रे डावीकडे जातात. खालची फळी तळहाताला टेकावी, आवळू नये. शेवटी ८० नंबरचा पॉलिश पेपर मारून थांबायचं, गुळगुळीत करायचं नाही. हे काम दोन बैठकांत करतो, एक घामेजलेल्या हाताने आणि एक एसीत बसून कोरड्या हाताने. एसी रेंजवर हात आक्रसतो आणि दुपारी घट्ट बसलेली मूठ तिथे सैल लागते.

ट्रिगरचं किमान वजन १० मीटर एअर पिस्तुलाला ५०० ग्रॅम, २५ मीटर पिस्तुलाला १००० ग्रॅम. आम्ही ५०० चं वजन टांगून पिस्तुल सरळ वर उचलतो. ट्रिगर सुटून वजन खाली पडलं तर स्पर्धेच्या तपासणीतही पडणार, म्हणजे पिस्तुल नापास. काठावर न ठेवता ५१० ते ५२० ठेवतो. त्यातले ३५० ते ४०० पहिल्या टप्प्यात आणि उरलेले दुसऱ्यात, म्हणजे पहिला टप्पा संपून बोट अडल्याचं कळतं आणि तिथून सुटका स्वच्छ होते.

आता पाणी. हा मुंबईचा स्वतःचा आजार आहे. हातपंपाने हवा भरणारे बहुतेक जण हवेबरोबर पाणीही भरतात. ३० अंशांना ८० टक्के दमट हवेच्या एका घनमीटरमध्ये सुमारे २४ ग्रॅम बाष्प असतं. १०० मिलीलिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार भरायचे म्हणजे २० लिटर हवा कोंबायची, त्यात जवळजवळ अर्धा ग्रॅम पाणी. बरंच पंपातच थांबतं, पण उरलेलं आत जातं, रेग्युलेटरच्या (हवेचा दाब सारखा ठेवणाऱ्या भागाच्या) पिस्टनला गंज धरतो आणि छर्ऱ्याचा वेग वरखाली होऊ लागतो. नेमबाज स्वतःला दोष देत बसतो, कारण छर्रे फक्त वर आणि खाली पसरतात, बाजूला नाही. असं दिसलं की आधी रेग्युलेटर तपासा. पंप वापरायचाच असेल तर दर ५०-६० झटक्यांनी ब्लीड स्क्रू (साठलेलं पाणी सोडायचा स्क्रू) उघडा आणि सिलिका जेलचा फिल्टर लावा. त्याहून चांगलं म्हणजे कोरड्या हवेची डायव्हिंग टाकी. भरताना घाई नको, गरम हवा २०० बार दाखवते आणि थंड झाल्यावर काटा खाली उतरतो. ओ-रिंगला (हवा अडवणाऱ्या रबरी कडीला) फक्त सिलिकॉन ग्रीस. मशिनचं तेल उच्च दाबाच्या हवेत पेट घेऊ शकतं.

छर्रे डोक्याच्या मापाने निवडतात: ४.४९, ४.५०, ४.५१ मिमी. पिस्तुल शिकंज्यात धरून प्रत्येक मापाचे पाच-पाच छर्रे १० मीटरवर मारून बघायचे आणि सर्वांत लहान झुबका देणारं माप ठेवायचं. डबा लोकलच्या गर्दीत हादरला की छर्ऱ्यांचे घेर चेपतात, म्हणून फोम घालून न्या. पांढरी भुकटी धरलेले छर्रे टाकून द्या, ती शिशाची आहे. रेंजवरून आल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय वडापावला हात लावू नका.

सुटे भाग बाळगणं हा खर्च वाटतो. २०२१ मध्ये टोकियोत मनू भाकरच्या पिस्तुलाचा कॉकिंग लिव्हर (पिस्तुल सज्ज करायचा दांडा) ऐन पात्रता फेरीत तुटला, मोलाची मिनिटं गेली आणि अंतिम फेरी थोडक्यात हुकली. आमच्याकडून स्पर्धेला जाणाऱ्याच्या पेटीत ओ-रिंगचा संच, ॲलन की, माशीचा स्क्रू आणि नळीतून आरपार जाणारी रंगीत सेफ्टी दोरी असते. विमानाने जाणार असाल तर सिलिंडर रिकामा करून न्या आणि पेटी चेक-इनला जाहीर करा.

पावसाळ्याआधीची सर्व्हिस आम्ही १५ मे ते ५ जून या काळात घेतो. पिस्तुल फोमच्या पेटीतून बाहेर काढून सुती पिशवीत आणा, फोम ओल धरून ठेवतो. घरी कपाटात १०० ग्रॅम सिलिका जेल ठेवा आणि रंग बदलला की ते मंद आचेवर वाळवा. परवान्याचं शस्त्र असेल तर मूळ परवाना सोबत हवा, त्याच्याशिवाय आम्ही शस्त्र ठेवून घेत नाही. एअर पिस्तुलासोबत तुमचे नेहमीचे छर्रे आणि शेवटच्या सरावाची लक्ष्यपत्रं आणा. छर्रे कुठल्या दिशेला पसरलेत ते बघून काम मुठीपासून सुरू करायचं की रेग्युलेटरपासून, हे आम्ही ठरवतो.