तुलुमच्या सेनोटेमध्ये कॅव्हर्न डाइव्हिंग शिकले, माझा अनुभव

स्कुबाची गोडी मला तारकर्लीला लागली, मग नोकरीसाठी ह्युस्टनला आल्यावर बऱ्याच डाइव्ह झाल्या पण डोक्यात कायम मेक्सिकोतल्या तुलुमचे सेनोटेच होते. सेनोटे म्हणजे चुनखडीचं छत कोसळून उघडी पडलेली, पाण्याने भरलेली गुहा. शेवटी तीन दिवसांचा कॅव्हर्न कोर्स केलाच.

कॅव्हर्न म्हणजे गुहेच्या तोंडाजवळचा भाग, जिथून बाहेरचा उजेड दिसत राहतो, आणि खोली व आतलं अंतर दोन्ही मिळून 40 मीटरच्या आतच राहायचं. पुढे केव्ह, त्याचं ट्रेनिंग वेगळं. जिथे केव्ह सुरू होते तिथे पाण्यात हातात विळा घेतलेल्या सांगाड्याचं, म्हणजे मृत्यूचं चित्र असलेली पाटी लावलेली असते, या गुहेत जीव द्यावा असं काहीच नाही असं लिहिलेली. ती पहिल्यांदा टॉर्चच्या उजेडात दिसली तेव्हा पोटात गोळा आला खरंच.

समुद्रात काही झालं तर निदान वर जाता येतं, इथे डोक्यावर दगड. म्हणून हवेचा हिशोब तिसऱ्या हिश्श्याचा: टाकीत 200 बार दाब असेल तर तिसरा हिस्सा 66, तो खाली धरून आत जायला 60, म्हणजे 140 ला मागे फिरायचं, आणि ज्याचा आकडा आधी येईल त्याच्यासोबत सगळेच फिरणार. उरलेली हवा परतीला आणि बडीची, म्हणजे डाइव्हमधल्या जोडीदाराची संपली तर त्याला द्यायला. पाय बेडकासारखे मारायचे, नाहीतर तळाचा गाळ उठतो आणि स्वतःचा हातही दिसत नाही.

पहिल्या दिवशी जमिनीवरच झाडांना दोरी बांधून डोळे मिटून चालवलं, ते सोपं वाटलं. दुसऱ्या दिवशी आत जाताना रीलची लाईन, म्हणजे परतीची वाट दाखवणारी दोरी, मीच टाकली होती आणि परतताना इन्स्ट्रक्टरने डोळे मिटायची खूण केली. अंगठा आणि बोटाच्या कडीत लाईन, मागे बडीने माझा दंड धरलेला, दाबला की थांब, ढकललं की चल. एका कोपऱ्यावर लाईन कपारीत घुसली, माझा हात कोपरापर्यंत आत गेला आणि डोकं दगडावर आपटलं. वळणावर मी ती नीट अडकवली नव्हती म्हणून ती सरकून फटीत गेली होती, हात जाईल पण माणूस जाणार नाही अशा फटीत. श्वास इतका जोरात चालला होता की बुडबुडे छतावर आपटताना ऐकू येत होते. जरा मागे सरकले, लाईन न सोडता दुसऱ्या हाताने कडा चाचपली, मग मोकळी बाजू सापडली. बाहेर आल्यावर इन्स्ट्रक्टरने तीच लाईन मला परत टाकायला लावली आणि ते फार बरं केलं.

शेवटच्या दिवशी पोंडेरोसा नावाच्या सेनोटेला हॅलोक्लाईन, म्हणजे वरचं गोडं आणि खालचं खारं पाणी भेटतं तिथे सगळं तेल ओतल्यासारखं धूसर. माझा मास्क गळत होता, हवा 160 होती, तरी मी अंगठा वर केला. डाइव्हिंगमध्ये त्याचा अर्थ डाइव्ह संपली, आणि ती कोणीही कधीही संपवू शकतं, कारण विचारायचं नाही. बडीने लगेच अंगठा दाखवला, इन्स्ट्रक्टरनेही, आणि आम्ही लाईन गुंडाळत निळ्या उजेडाकडे निघालो.