उलट बोलणारा अ‍ॅम्प्लिफायर

अ‍ॅम्प्लिफायर विकत घेताना लोक पुढून बघतात, मी त्याची पाठ बघतो. तिथे स्पीकरच्या वायरींच्या गुंत्यात कधीकधी नऊ पिनांचं एक बुटकं पोर्ट असतं आणि त्यावर ‘आरएस-२३२’ असं छापलेलं असतं. यंत्रांनी तारेवरून एकमेकांशी कसं बोलायचं, याचं हे मानक अमेरिकेत १९६० साली ठरलं. लॅपटॉपवरून ते पोर्ट केव्हाच गेलं, त्यामुळे आता मध्ये यूएसबीचा अडॅप्टर लावावा लागतो. पण सभागृहातली सगळी यंत्रं एका जागेवरून चालवणाऱ्यांचं अजूनही त्याच्यावाचून अडतं.

नऊतल्या तीनच पिना खऱ्या कामाच्या: एक बोलायची, एक ऐकायची, एक ग्राउंडची. दोन्हीकडच्या बोलायच्या पिना एकमेकींना जोडल्या गेल्या तर कोणीच कोणाचं ऐकत नाही. (हे फक्त यंत्रांबद्दल आहे.) त्यासाठी तारांची अदलाबदल केलेली नल मोडेम केबल मिळते. माझ्या डेनॉन कंपनीच्या यंत्राला मात्र सरळ केबलच चालते.

आणि डेनॉनची भाषा तर किती सोपी! लॅपटॉपवर ‘पीडब्ल्यूऑन’ लिहून एंटर मारलं की यंत्र चालू. झोपेतून उठायला त्याला एक सेकंद द्यायचा, मग पुढचा हुकूम. ‘एमयूऑन’ म्हणजे गप्प बस. ‘एमव्ही५०’ म्हणजे आवाज पन्नासवर. त्यातही गंमत अशी की ८० म्हणजे शून्य डेसिबल (शांतता नव्हे, मोजायला धरलेली संदर्भ पातळी), म्हणून पन्नास म्हणजे उणे तीस. ‘एमव्ही७९५’ वाचून शेजाऱ्यांनी घाबरू नये. ते सातशे पंच्याण्णव नसून साडेएकोणऐंशी असतं. वेग ९६०० बॉड, म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरं. आजच्या हिशेबात अगदीच बैलगाडी, पण पाच अक्षरांच्या हुकमाला जेमतेम सव्वापाच मिलिसेकंद लागतात. आणखी घाई कोणाला आहे?

रिमोटने हे सगळं होतंच की, असं घरचे म्हणतात. होतं. पण साधा रिमोट नुसताच ओरडतो. सिग्नल पोचला की सोफ्याच्या उशीत जिरला, हे त्याला कळत नाही. इथे ‘एमव्ही’पुढे प्रश्नचिन्ह टाकलं, की अ‍ॅम्प्लिफायर आपला आकडा सांगतो. मला खरं सुख आहे ते या उलट बोलण्याचं. तो न विचारताही सांगतो: बाहेर कोणी हाताने बटण फिरवलं, की आतल्या खोलीत माझ्या पडद्यावर ओळी उमटायला लागतात. ४८, ४७, ४६... आईला मावशीचा फोन आलेला असतो. चाळीसच्या खाली गेलं तर फोन लांबणार.

फोन संपला असेल असं समजून मी इथूनच ‘एमव्ही५०’ पाठवतो. ते बटण न संपता गोल फिरणारं, त्यामुळे आवाज वाढला तरी जागचं हलत नाही. बाहेर कोणाला काही दिसत नाही, नुसतं ऐकू येतं. आई हल्ली त्या बटणाच्या नादी लागत नाही. ती भिंतीवरचा स्विच बंद करते.