शिसपेन्सिल कोणत्या खणात ठेवायची?

पुण्यातील एका माध्यमिक शाळेत मी विज्ञान शिकवते. आवर्तसारणी शिकवताना भिंतीवरच्या तक्त्यातील 118 चौकोन मुलांना केवळ पाठ करायची अक्षरे वाटतात, हे मी अनेक वर्षे पाहत होते. म्हणून त्या चौकोनांच्या जागी खरे खण करावेत आणि प्रत्येक खणात त्या मूलद्रव्याची, घरात किंवा बाजारात सापडणारी एखादी वस्तू ठेवावी, असे गेल्या जूनमध्ये ठरवले. सुतारांकडून 18 स्तंभ आणि 7 ओळींचे, खाली लँथनाइड व ॲक्टिनाइड यांच्या दोन वेगळ्या ओळी असलेले, सरकत्या काचांचे कपाट करून घेतले. प्रत्येक खण 6 सेंटीमीटरांचा होता.

पहिल्याच आठवड्यात मुलांनी पिशव्या भरून वस्तू आणल्या आणि खरी अडचण तिथेच सुरू झाली. शिशाच्या खणासाठी शिसपेन्सिल आली. तिच्यात शिसे मुळीच नसते, असते ते ग्रॅफाइट आणि चिकणमाती, म्हणून ती कार्बनच्या खणात गेली. रेडियमसाठी दुचाकीवरचा चकाकणारा स्टिकर आला, ज्याला सगळे गाव ‘रेडियम’ म्हणते. तो फक्त त्याच्यावर पडलेला प्रकाश परत पाठवतो. ‘जर्मनचे’ पातेले ॲल्युमिनियमचे निघाले आणि जस्ताची बादली लोखंडी पत्र्याची, वर जस्ताचा पातळ थर दिलेली. ही नावे मला प्रिय आहेत, ती बदलावीत असे मला कधीच वाटले नाही; मात्र खणावरची चिठ्ठी खरीच असली पाहिजे. त्यामुळे ‘हे आपल्याला कशावरून कळले?’ या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याशिवाय कोणतीही वस्तू आत ठेवायची नाही, असा नियम आम्ही केला.

या नियमाने आम्हाला सर्वांत जास्त कामाला लावले. लोहचुंबक तर प्रत्येकाच्या हाताशी होताच, पण खरा उपयोग झाला तो घनता मोजण्याचा. खिशात मावणाऱ्या सराफी काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणायचा आणि वस्तू दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल, पण तळाला टेकणार नाही अशी धरायची; काटा जितके ग्रॅम दाखवील तितके घन सेंटीमीटर त्या वस्तूचे आकारमान. टायटॅनियमचा म्हणून ऑनलाइन मागवलेला चमचा 31.6 ग्रॅम भरला आणि पाण्यात धरल्यावर काट्याने 4.0 दाखवले, म्हणजे घनता (वजन भागिले आकारमान) 7.9. टायटॅनियमची घनता 4.5 असते, आमच्या हातात साधे पोलाद होते. मिठाईच्या दुकानातून आणलेला चांदीचा वर्ख इतका पातळ की तो असा मोजता येईना. तेव्हा त्याचा तुकडा मी कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात टाकला. बुडबुडे येऊन तो विरघळून गेला. चांदी तशी विरघळत नाही, ॲल्युमिनियम विरघळते. तो वर्ख पोटात जाणार होता, म्हणून त्या दिवशी मला मनापासून राग आला.

आनंदाचे क्षणही याच नियमाने दिले. एका मुलीच्या आजीने जपून ठेवलेली 1947 सालची, मागच्या बाजूला वाघ असलेली अधेली (अर्ध्या रुपयाचे नाणे) घरातले सर्वजण चांदीची समजत होते. ती चुंबकाला टपकन चिकटली आणि निकेलचा खण भरला.

कथलासाठी मात्र मी हट्टाने कल्हईवाल्या काकांना शाळेच्या अंगणात बोलावले. आता ते वर्षातून एखाद्या वेळीच आमच्या भागात फिरकतात. त्यांनी भाता लावून पितळी पातेले तापवले, नवसागराची चिमूट टाकली, पांढऱ्या धुराचा लोट उठला आणि कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने त्यांनी एका दमात सगळे पातेले रुपेरी केले. नवसागर धातूवरचा ऑक्साइडचा थर काढतो, म्हणून कथील धरते. आणि कथील 232 अंशांनाच वितळते, म्हणून एवढ्याशा भट्टीवर हे काम होते. ‘बाई, हे तर आपल्या पुस्तकातले आहे,’ असे मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला. काकांनी दिलेला कांडीचा तुकडा आम्ही मोजला: 21.9 ग्रॅम, आकारमान 3.0, घनता 7.3. कथलाची घनता तीच आहे आणि शिशाची 11.3, तेव्हा निदान शिशाची मोठी भेसळ तरी त्यात नव्हती. काकांना हे सांगितले तेव्हा ते कौतुकाने हसले.

बाकीचे बरेच खण सहज भरले. तांब्याचा छोटा गडू तांबट आळीतून आणला, निऑनसाठी टेस्टरमधला दिवा मिळाला, टंगस्टनसाठी जुना बल्ब आणि फॉस्फरससाठी काडेपेटीची घासायची बाजू, कारण लाल फॉस्फरस काडीवर नसून तिथे असतो. पाऱ्याचा थर्मामीटर न फुटणाऱ्या नळीत बंद करून ठेवला आहे. थोरियमसाठी गॅसबत्तीची जुनी मेंटल पाकीट न उघडता ठेवली आहे, कारण तिची धूळ श्वासातून आत जाता कामा नये. गॅलियम काचेच्या कुपीत आहे, ते 29.76 अंशांना वितळते, म्हणून एप्रिलमध्ये ते दिवसा द्रव होते आणि मुले मधल्या सुट्टीत ते पाहायला येत. रेडियमचा खण आम्ही रिकामा ठेवला आहे आणि त्याच्या चिठ्ठीवर तो का रिकामा आहे हे लिहिले आहे.

आजवर 71 खण भरले आहेत. भोसरीतील एका वर्कशॉपमध्ये काम करणाऱ्या पालकांनी धातू कापणाऱ्या प्लाझ्मा कटरचे झिजलेले इलेक्ट्रोड देण्याचे कबूल केले आहे. तांब्याच्या त्या तुकड्याच्या टोकाला हाफ्नियमचा एक बारीक ठिपका असतो. तो ठिपका दिसावा म्हणून खणाच्या काचेला आतून छोटे भिंग लावण्याचे काम सध्या नववीतल्या दोन मुलींनी अंगावर घेतले आहे.